टपालानं शिकणारे खराततात्या

खराततात्यांकडे चहाला गेलं की आधी चहाची उद्दिष्टं ऐकावी लागत.

आपण दारात चप्पल काढायची, तात्यांनी "या, बसा" म्हणायचं, आणि आपण टेकतो न टेकतो तोच एक बोट वर करून ते सुरू करायचे. "प्रस्तुत चहा घेतल्यानंतर तुमाला पुढील गोष्टी करता येतील. एक, आल्याचे गुणधर्म सांगता येतील. दोन, गुळाच्या आणि साखरेच्या चहातला फरक स्पष्ट करता येईल." क्वचित तिसरंही असे. "तीन, घरी जाता येईल." हे ते विनोदानं म्हणत नसत. त्यांना खरोखरच तसं म्हणायचं असे.

ही भाषा त्यांना टपालानं आली होती. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले तात्या सातारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटवर दिवसपाळीला असत, आणि उरलेल्या वेळात पत्रद्वारा शिकत. पत्रद्वारा म्हणजे आपण फॉर्म भरून पाठवायचा, तिकडून पुस्तिका यायच्या, त्या वाचून स्वाध्याय लिहून धाडायचे आणि शेवटी प्रमाणपत्र यायचं. त्या पुस्तिकांत धड्याला घटक म्हणत आणि प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टं छापलेली असत. माणसाला एखादी पोथी पाठ व्हावी तशी ती तऱ्हा तात्यांच्या अंगात मुरली होती. मूळचे ते माणकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. त्यामुळे पुस्तकी मराठी आणि माणदेशी बोली त्यांच्या तोंडात सुखानं एकत्र नांदत. "प्रस्तुत आमटीत मीठ लय झालंय," असं वाक्य मी त्यांच्याशिवाय कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन गोडोलीत त्यांच्या शेजारी राहायला आले, तेव्हा त्यांच्या भिंतीवर सात प्रमाणपत्रं होती. रेडिओदुरुस्ती होती, फळप्रक्रिया होती, बालसंगोपन होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. पुष्परचनाही होती. पुष्परचनेत तात्यांनी निशिगंधाच्या दांड्या अशा उभ्या केल्या होत्या की त्या 'सावधान'मध्ये आहेत असं वाटे. कोणता विषय कशासाठी, हे त्यांना विचारायची सोय नव्हती. "ज्ञानाला बदली नसती," एवढंच ते म्हणायचे.

मधमाशीपालनाच्या वेळी मात्र गल्लीनं सोसलं. तात्यांनी कुठून तरी एक पेटी आणली. दोन महिने माश्यांनी शिस्त पाळली आणि एका रविवारी सकाळी, टीव्हीसमोर अख्खी गल्ली बसलेली असताना, सगळं मोहोळ उठून समोरच्या घराच्या अँटेनावर जाऊन बसलं. पडद्यावर नुसत्या मुंग्या. अँटेना फिरवायला वर जाणार कोण? लोक तात्यांच्या नावानं ओरडायला लागले. तात्या शांतपणे पुस्तिका घेऊन अँटेनाखाली उभे राहिले आणि मोठ्यानं वाचू लागले, "घटक सहा. मोहोळाचे स्थलांतर : कारणे व उपाय."

"तात्या, उपाय आधी वाचा की!" कुणीतरी खेकसलं.

"कारणांबिगर उपाय कळत न्हाई गड्या," तात्या म्हणाले आणि कारणं वाचत राहिले. उपाय येईपर्यंत कार्यक्रम संपला होता.

गल्लीतल्या एका लग्नात चार शब्द बोलायला म्हणून त्यांना उभं केलं, तर त्यांनी घसा साफ करून "हा विवाह पूर्ण केल्यानंतर वधूवरांना पुढील गोष्टी करता येतील" अशी सुरुवात केली. नवऱ्यामुलाच्या बापानं धावत येऊन माइक काढून घेतला. सगळे पोट धरून हसत होते. तात्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की झालं काय. ते पुढे 'सुखदुःखे वाटून घेता येतील' असंच काहीतरी म्हणणार होते.

मीही हसणाऱ्यांतलीच होते. पण एक दिवस ते माझ्या दारात उभे राहिले. मी धुणं वाळत घालत होते, माझी लेक सहा महिन्यांची, पाळण्यात होती.

"सुनंदा, तुझं शिक्षण काय गं?"

"दहावी नापास, तात्या. गणितात. दोनदा."

"आनि वय?"

"तेवीस."

"अठरा पूर्ण. लिहिता-वाचता येतंय. म्हंजे प्रवेशपात्रता पूर्ण!" असं म्हणून त्यांनी खाकी पिशवीतून मुक्त विद्यापीठाचा फॉर्म काढला. दहावी झाली नसली तरी आधी एक पूर्वतयारीची परीक्षा द्यायची आणि मग सरळ बी. ए.ला बसायचं, अशी सोय होती. मला ती चेष्टाच वाटली. माझ्या सासूबाईंना तर नक्कीच वाटली.

"आवं हवालदार," त्या आतून बाहेर येत म्हणाल्या, "तुमचं तुमच्या घरात चालू द्या की. पदरात पोर हाय हिच्या. बी. ए. हून भाकरी गोल हुनार हाय व्हय?"

तात्यांनी खिशातून डायरी आणि पेन काढलं. "वयनी, हिच्या शिक्षणाची उद्दिष्टं तुमीच सांगा. मी ल्हितो."

"मी काय सांगू?"

"तुमी घरच्या वडीलधाऱ्या. तुमीच सांगायची."

सासूबाईंना आजवर कुणी उद्दिष्टं विचारली नव्हती. त्या उंबऱ्यावर बसल्या. पाळण्याकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "नातीनं उद्या आईला नापास म्हनू नये. एवढंच."

"एक," तात्यांनी लिहून घेतलं. "पुरं हाय. एका उद्दिष्टावर पन घटक चालतो."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ड्यूटीवरून आल्यावर अर्धा तास त्यांनी मला गणित शिकवलं. गणिताला मी साप म्हणायची. तात्या मेंढरांनी शिकवायचे. "वाड्यात मेंढरं क्ष. लांडग्यानं तीन नेली. उरली सतरा. सांग, क्ष किती?" मेंढरं हरवली की मला ती शोधावीशी वाटायची. नुसता क्ष मला कधी शोधावासा वाटला नव्हता. मी चुकले तर ते रागवायचे नाहीत, पण चुकीखाली पेन्सिलीनं रेघ मारून "पुन्हा" म्हणायचे. 'पुन्हा' हा शब्द इतक्या प्रेमानं उच्चारता येतो हे मला त्या ओसरीवर कळलं.

परीक्षेच्या दिवशी माझ्या नवऱ्याला कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही आणि सासूबाई तापानं पडल्या. लेक कुणाकडे ठेवायची? मी तयार होऊन रडत बसले होते. तात्यांनी त्या दिवसापुरती रजा काढली होती. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, पोर उचललं आणि म्हणाले, "चल. बालसंगोपनाचं प्रमाणपत्र हाय माज्याकडं."

पेपर सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला बाहेर लेकीनं टाहो फोडला. माझे हात थांबले. पर्यवेक्षक बाई माझ्याकडे बघू लागल्या. मी उठणार, एवढ्यात मैदानातून आवाज आला, "लेफ्ट, राइट, लेफ्ट. लेफ्ट, राइट, लेफ्ट." खिडकीतून दिसलं. तात्या पोरीला खांद्यावर टाकून भर उन्हात मैदानाची एक बाजू चालून जात होते, टाच आपटून वळत होते आणि परत येत होते. पोरगी गप्प झाली. पुढचे तीन तास तो आवाज थांबला नाही. त्या तालावर मी सगळी गणितं सोडवली. बाहेर आले तेव्हा लेक झोपली होती आणि तात्यांची मान लाल झाली होती. "येकच बाटली पाजली," त्यांनी अहवाल दिला. "ढेकर काढली."

मी पास झाले. मग तीन वर्षांनी बी. ए. झाले. गल्लीत माझ्या मागोमाग आणखी चौघींनी फॉर्म भरले, ते सगळे तात्यांनीच आणून दिले.

पण तात्यांच्या स्वतःच्या घरात एक माणूस अंगठा उठवत होतं. त्यांची बायको, हौसाकाकी. सगळ्या गल्लीला शिकवणाऱ्याच्या घरात असं, म्हणून लोक टोमणे मारत. दिव्याखाली अंधार म्हणत. तात्या ऐकून घेत. मला नवल याचं वाटे की ज्या माणसानं दूधवाल्यालाही ग्राहक संरक्षणाची पुस्तिका वाचायला लावली होती, तो काकींना एका शब्दानं 'शिक' म्हणत नसे.

पदवीनंतर मी समाजमंदिरात बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायला लागले. काकी काही येईनात. शेवटी एका दुपारी तात्या ड्यूटीवर असताना मीच त्यांच्याकडे गेले. त्या ज्वारी निवडत होत्या.

"काकी, तुम्ही का येत नाही हो वर्गाला?"

काकी बराच वेळ सूप पाखडत राहिल्या. मग म्हणाल्या, "लगीन झालं आनि तीन म्हयन्यांत हे पलटणीत गेले. तवा ह्यांना बी वाचता येत नव्हतं. मला करमंना. गावातल्या मास्तरांकडनं चिठ्ठी ल्हिऊन घेतली. मास्तर साधा मानूस. मी बोलले तसं त्येनं ल्हिलं."

"काय लिहिलं होतं?"

"तुमची काठी घेऊन मी मेंढरं राखती, हातात धरली की तुमी जवळ हायसा असं वाटतंय." काकींनी मान खाली घातली. "ती चिठ्ठी दुसऱ्या कुनीतरी बराकीत मोठ्यांदा वाचली. सगळी हसली. सा म्हयने ह्यांना काठी-काठी म्हनत हुती. सुट्टीला आले तवा ह्यांनीच सांगितलं. हसत सांगितलं गं, पर मला मेल्याहून मेल्यागत झालं. म्हनलं, पुन्यांदा चिठ्ठी न्हाई धाडायची."

"मग?"

"मग हे लिवा-वाचायला शिकले पलटणीत. सुट्टीत येऊन म्हनले, आता धाड, आता माझी मीच वाचंन. न्हाई धाडली. ल्हिनार दुसराच कुनी, त्येला कळनारच की. पुढं कवातरी म्हनले, डाक वाटायच्या टायमाला मी रोज जाऊन हुबा ऱ्हायचो." त्यांनी सुपातला एक खडा वेचून टाकला. "आता ही पुस्तकं येत्यात. पोस्टमन दारात नाव घेऊन हाक मारतो. तेवढंच बरं वाटतं त्यांना."

गल्लीनं, मीसुद्धा, या माणसाच्या पुस्तिकांवर किती हसलो होतो.

सूप बाजूला ठेवून काकी म्हणाल्या, "मला शिकीव. पर त्यांना सांगू नगंस."

आठ महिने आम्ही दुपारी बसलो. जोडाक्षरांनी काकींना फार छळलं. 'ष्ट' लिहिताना त्या जीभ बाहेर काढायच्या. पाटी धुऊन पलंगाखाली ठेवायच्या, हाताचा खडू पुसायच्या आणि तात्या यायच्या आत चुलीपुढे बसायच्या. तात्यांना कधी संशय आला असेल तर त्यांनी तो दाखवला नाही.

त्याच सुमाराला मला सांगलीत नोकरी लागली. पदवीवर लागलेली पहिली नोकरी. नवऱ्यानंही तिकडे काम शोधलं आणि आम्ही विश्रामबागेत बिऱ्हाड केलं. निघायच्या दिवशी तात्यांनी मला सांगलीला पोचल्यावर काय काय करता येईल याची लांबलचक यादी ऐकवली. ती संपल्यावर काकींनी मला आत बोलावलं आणि हातात एक अंतर्देशीय पत्र दिलं, डिंकानं घट्ट चिकटवलेलं.

"सांगलीच्या पेटीत टाक. म्हंजी लांबनं आल्यावानी येईल. आनि वाचायचं न्हाई."

मी वाचलं नाही. विश्रामबागेतल्या पहिल्या संध्याकाळी, सामान सोडायच्या आधी, ते पत्र पेटीत टाकून आले.

पुढं चार महिन्यांनी साताऱ्याला गेले तेव्हा तात्या ड्यूटीवर होते. काकींनी मला बसवलं, चहा दिला आणि मी विचारायच्या आधीच सांगायला लागल्या. पत्र आलं त्या दिवशी तात्या रजेवर घरीच होते. पोस्टमननं हाक मारली. तात्यांनी अक्षर बघितलं, ओळखलं नाही. उभ्यानंच फोडलं. वाचलं. मग पायरीवर बसले, आणि परत वाचलं. काकी आत भाकरी थापत होत्या, कान बाहेर लावून.

"आत येऊन काही म्हणाले?"

"काय बी न्हाई. पानी प्याले. कागद घेतला, ल्हित बसले. मग शर्ट घालून गेले आनि पोस्टात टाकून आले. मी हितं, ते हितं, आनि पत्र पोस्टात! दुसऱ्या दिशी माज्या नावानं हाक आली बग. सौभाग्यवती हौसाबाई खरात. पोस्टमन म्हनला, हे तर तुमच्याच घरचं. हे म्हनले, व्हय, द्या की."

तेव्हापासून दोघांचं चाललं होतं. दर पंधरवड्याला एक यायचं, एक जायचं. पत्रातलं घरात बोलायचं नाही आणि घरातलं पत्रात लिहायचं नाही, एवढंच ठरलेलं. तेही कुणी बोलून ठरवलं नव्हतं.

काकींनी पत्रांचा डबा दाखवला. नुसता दाखवला. झाकण उघडलं नाही. त्यांचं तोंड एखाद्या पोरीसारखं लाजलं होतं. मी निघाले तशा त्या दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सुनंदा, 'तुमची' ल्हिताना वेलांटी पयली का दुसरी?"

"दुसरी, काकी."

"हात्तिच्या! सगळ्या पत्रांत पयलीच देत आले की मी."

"तात्यांनी काही म्हटलं नाही?"

"न्हाई बा," काकी म्हणाल्या. "त्यांनी बी मायन्यात तशीच ल्हिलीया. 'तुमचि हौसा' हिला, असं."