मोरे पावण्याचं जपान

"विजयमाला, भाकरी जपानपातूर टिकंल काय गं?"

विजयमाला चुलीपुढं बसली होती. थापलेली भाकरी तिच्या हातातच राहिली. लग्नाला बारा वर्षं झाली, पण नवऱ्यानं तिला शेजारच्या सांगलीतली सर्कससुद्धा दाखवली नव्हती. माहेर लोणंद, सासर पलूस, मधे रेल्वेचे रूळ. बाईचं जग एवढ्यातच आटपलेलं. दरसाल लालासाहेब म्हणायचे, "औंदा ऊस गेला की तुला कुटंतरी न्हेतो बघ." ऊस दरसाल कारखान्याला जायचा आणि बाई होती तिथंच राहायची.

"जपान? कुटल्या तालुक्यात आलं त्ये?"

"तालुका न्हवं, देश हाय. शनवार-रविवार जाऊन याचं. सोमवारी आपल्या उसाला पाण्याची पाळी हाय, तवा लय ऱ्हाता यायचं न्हाई."

झालं होतं असं. साल चौऱ्याहत्तर. उसाच्या पट्ट्यात जपानी पॉवर टिलर खपवायला एक कंपनी आली होती आणि यंत्राबरोबर एक जपानी साहेबही आला होता. सांगलीत मुक्काम ठोकून तो गावोगाव यंत्र चालवून दाखवायचा. नाव मोरी. एवढ्या देखण्या माणसाला मोरी म्हणून हाक कशी मारायची? लालासाहेबांनी परस्पर त्याचं मोरे करून टाकलं. "म्हंजी आपल्यातलाच निघाला की!"

यंत्र लालासाहेबांच्या रानात चाललं, मग चहा त्यांच्या सोप्यात झाला. नेमका त्याच वेळी साहेबाचा दुभाष्या टमरेल घेऊन परसाकडं गेला. आता पाहुण्यापुढं तोंड मिटून बसणं लालासाहेबांना जमणार आहे थोडंच?

"मोरे, तुमच्यात ऊस हाय?"

"हाय," साहेब मान लववून म्हणाला.

लालासाहेब चाट पडले. "आन् आईबाप?"

"हाय."

"मग आमी शनवार-रविवार आलो तर जागा हाय?" नीट कळावं म्हणून त्यांनी आधी स्वतःच्या, मग साहेबाच्या छातीवर बोट ठेवलं, घास घेतल्याची खूण केली, गालाखाली हात घेऊन घोरून दाखवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या शनिवार-रविवारवर चापट मारली.

"हाय! हाय!" साहेब दोनदा कमरेत वाकला. त्याचा चेहरा आनंदानं लालेलाल झाला.

जपानी भाषेत 'हाय' म्हणजे 'होय'. बऱ्याचदा तर नुसतं 'बोला, ऐकतोय' एवढंच. पण हे पलुसात सांगणार कोण? सांगणारा टमरेल घेऊन गेलेला!

"निव्वळ आपल्यावानी बोलतोय," संध्याकाळी लालासाहेब नाथाजीला सांगत होते. "हेल तेवढा वायला हाय."

नाथाजी पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार. पठाणकोट आणि आसाम पाहिलेला, त्यामुळं परदेशाच्या बाबतीत गावात त्याचाच शब्द चालायचा.

"पासपोर्ट लागंल," नाथाजी मिशीवरून हात फिरवत म्हणाला.

"कुटं मिळतोय?"

"मुंबईत इमानतळावरच देत्यात. फलाटाच्या तिकिटागत."

"आन् खायाचं काय?"

"कच्चा मासा."

"शनवारी? मारुतीच्या वारी?"

नाथाजीनं विचार केला. "तितं दिस आपल्या आदी उगवतोय. म्हंजी शनवारबी आदी संपतोय. सांच्याला बिनघोर खा."

"आरं, मग सोमवारबी आदी येणार की! माजी पाण्याची पाळी बोंबलली!"

यावर दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी ठरलं, की आपलं घड्याळ पलूसचंच ठेवायचं, जपान्यांनी त्यांचं त्यांनी बघावं.

बातमी गावभर झाली. कुणी ट्रान्झिस्टर आणायला सांगितला, कुणी टेपरेकॉर्डर. धोंडुबाईनं नायलॉनचं पातळ सांगितलं, तेही जांभळ्या काठाचं. लालासाहेबांची चुलती चंद्राबाई तर भरून ठेवलेल्या ट्रंकेवरच येऊन बसली. "लाला, मला एकटीला टाकून जाताय व्हय? मीबी येणार. पुण्यात माजी लेक हाय, वाटंत तिलाबी भेटू."

शुक्रवारी लालासाहेबांचा धीर सुटला. इमान कुठल्या बाजूनं चढायचं इथनं तयारी! पण गावात तोंडभर बोलून बसलेले.

"विजे, फुडल्या साली गेलं तर?" त्यांनी हळूच चाचपून पाहिलं.

विजयमालानं हातातली परात खाली आपटली. "आवं, बारा वर्सं फुडलं साल ऐकतीया मी! उद्या गाडीत बसवलं न्हाईसा, तर ह्या घरात मी चूल पेटवायची न्हाई. आईची आन!"

मग काय, शनिवारी सकाळी मिरजेहून पुण्याला जाणाऱ्या गाडीसाठी सगळं लटांबर स्टेशनवर. तिकिटं पुण्यापर्यंतची, पुढचं पुढं. हलगी घुमत होती. गळ्यातल्या हारात लालासाहेबांचा चेहरा बळीच्या बोकडासारखा दिसत होता.

गाडी आली. डबा उघडला आणि हातात बॅग, तोंडभर हसू घेऊन खाली उतरला कोण? मोरी साहेब! मागोमाग दुभाष्या.

"काय हो लालासाहेब, हलगी लावून स्वागत? कमाल केलीत!" दुभाष्या म्हणाला. "तुम्ही शनिवार-रविवार राहायला बोलावलंत, तेव्हापासून साहेबांना दुसरं काही सुचत नाही. सांगलीतल्या लॉजला विटलेत बिचारे."

लालासाहेबांचा आ वासलेला. पण नाथाजी पलटणीतला गडी. त्यानं झटक्यात लालासाहेबांच्या गळ्यातला हार काढून साहेबाच्या गळ्यात घातला आणि ओरडला, "बोला, मोरे पावण्यांचा इजय असो!" गावानंही जोरात साथ दिली. लालासाहेबांना वाटलं, मारुतीरायानंच लाज राखली. इमान टळलं, अब्रू वाचली, पाळीही सापडली! इतकं हलकं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"विजे, चल घरला! पुरणाचं बघाय पायजे."

विजयमाला फलाटावर नव्हती. ती डब्यात, खिडकीशी बसली होती. शेजारी चंद्राबाई, पायाशी ट्रंक.

"आगं, उतर की! पावणा आलाय!"

"मी बोलीवलाय व्हय त्याला?"

"आगं, पर जपान ऱ्हायलं न्हवं आता!"

"ऱ्हाऊ द्या. आमी पुण्याला निघालो ह्या आत्तींच्या लेकीकडं. डाळ फळीवर हाय, गूळ मडक्यात. पुरण वाटायला नाथाजी भावजींस्नी घ्या, पलटणीतलं हात हायती त्यांचं."

गाडीनं शिट्टी दिली. लालासाहेब खिडकीचे गज धरून पळायला लागले.

"आगं, शनवार-रविवार ठरलं हुतं! सोमवारी पाळी हाय, परत तरी ये!"

"त्यो शनवार-रविवार जपानचा हुता," विजयमाला खिडकीतून ओरडली. "पुण्याचा दिवाळीपातूर असतोय!"