तुरा मोडणारे नाना

आमच्या माधवनगरच्या बिल्डिंगमध्ये ऑर्किडला युरिया घालणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहतो. जगन्नाथनाना. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो हे त्यांना कोणी सांगितलं, त्याचा मी अजून शोध घेतोय.

सकाळी मी दात घासत असताना बेल वाजते. दारात नाना, छातीशी कुंडी. "आवं सर, ही कालच्यापरीस मलूल वाटत न्हाई?" मी तोंडातल्या फेसासकट मान हलवतो. मान कशीही हलवली तरी नाना त्याचा अर्थ 'पाणी घाला' असाच लावतात.

नानांनी चाळीस वर्षं कुंडलला ऊस पिकवला. त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीचा निकाल ते उसावरून लावतात. मला खोकला झाला तेव्हा म्हणाले, "छातीत पाणी तुंबलंय सर, चर काढाय पायजे." बायको गेली, मग गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. पुण्याच्या मुलीनं, सुनीतानं, शेत वाट्यानं दिलं, वडिलांना इथं फ्लॅटमध्ये आणलं आणि जाताना मॉलमधलं ऑर्किड टेबलावर ठेवलं. "नाना, आता शेत नाही, तर हे सांभाळा."

ते पंधरा दिवसांत गेलं. रोज तांब्याभर पाणी, दुसरं काय होणार? मी समजावलं. दुकानातलं ऑर्किड दमट हरितगृहात लाडात वाढलेलं असतं, ते आपल्या कोरड्या घरात एकदम येऊन पडतं. त्यात मुळांभोवती ओलं शेवाळ गच्च भरलेलं. जंगलात ही मुळं झाडाच्या फांदीला धरून हवेत लोंबतात. त्यांना माती नको, वारा हवा. नाना फार गंभीरपणे ऐकत होते.

मुलीनं दुसरं पाठवलं. नानांनी कुंडलहून पोतंभर काळी माती आणवली आणि उसाची करतात तशी त्याची बांधणी केली. पानांच्या बुडापर्यंत मातीची भर! "वाऱ्यानं लोळाय नको," म्हणाले. टीव्हीशेजारी कसला आलाय वारा? तेही गेलं.

तिसरं मी स्वतः लाकडाच्या सालींत बसवून दिलं. सहा महिने तगलं. मग एक दिवस पानाच्या बेचक्यातून हिरवा कोंब डोकावला. फुलांचा दांडा! मी घरी पेढे आणले. दुसऱ्या दिवशी नाना दारात.

"सर, तुरा फुटत हुता. मोडून टाकला."

"का?"

"आवं, तुरा आला की उसाचं वजन घटतंय!"

मी दार आपटलं. मोडल्या जागी जोर यावा म्हणून त्यांनी मूठभर युरियाही घातला होता, हे चार दिवसांनी, झाड मेल्यावर कळलं.

गेल्या महिन्यात सुनीता चौथं घेऊन आली. "हे गेलं ना नाना, तर पुढच्या वेळी प्लास्टिकचंच आणते," म्हणाली आणि हसली. मीही हसलो. नाना हसले नाहीत.

ती गेल्यावर ते माझ्याकडे आले. पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी.

"सर, पोरीला वाटतंय, म्हाताऱ्याच्या हातनं आता कायबी जगत न्हाई. ही जगवायचीच. काय करू सांगा."

"काही करू नका!" मी खेकसलो. "आठ दिवसांतून एकदा पाणी. बाकी हात लावायचा नाही. तुमच्या हातांनीच मरतात ती."

नाना आपल्या हातांकडे बघत बसले.

"आठ दिस हातच लावायचा न्हाई," ते हळूच म्हणाले. "मग सर, मी आठ दिस करू काय?"

मला माझीच लाज वाटली.

"बघावं लागतं," मी म्हणालो. "मुळं पांढुरकी दिसली तर तहान लागलीय. हिरवी असली तर पाणी नको. पण बघायला मात्र रोज हवं."

"बघतो की." ते उठले, दाराशी थांबले. "पर माझी नजर जरा अधू झालीया. तुमीबी चहाला येत जावा रोज. दोघं मिळून बघू."

मी रोज जातो. नानांची नजर ठणठणीत आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. चार मुळं हिरवी आहेत का पांढरी, एवढं ठरवायला आम्हाला पाऊण तास लागतो.