कापून टाकायचा घड

जितेंद्रची जुनी जीन्स. पितळी चेन.

सुपडू नाना वर्षाकाठी साठेक मुरगळलेले पाय बसवतात. मोबदल्यात फक्त चहा. साखर जास्त.

प्रमिलाबाईंच्या चष्म्याची डावी काडी दोऱ्याने बांधलेली आहे.

एक घड, शेंड्याला काळा पडलेला, जो कोणाच्याच मळ्यात नव्हता.

आणि हे मोतीलालचं वाक्य. सावद्याजवळच्या त्याच्या मळ्यात साडेतीन हजार केळी उभ्या होत्या, आणि त्यातल्या प्रत्येकीने ते ऐकलं असेल : "शेतातल्या माणसाचं औषध शेतात. डॉक्टरचं तोंड मी फक्त लग्नाच्या पंगतीत पाहतो."

बढाई अगदीच खोटी नव्हती. घड कापताना मजुराच्या बोटाला विळा लागला की मोतीलाल केळीच्या पानाचा देठ मोडायचा, त्याचा चीक जखमेवर दाबायचा, आणि रक्त थांबायचं. अशी निदान चाळीस बोटं त्याने वाचवली होती. एक्केचाळिसावी जखम बोटाला झाली नाही.

गुरुवारी कापणी होती. ट्रक बांधावर उभा. विजारी सगळ्या भिजलेल्या, म्हणून मोतीलालने पुण्याला असलेल्या मुलाची, जितेंद्रची, जीन्स चढवली. आतलं वस्त्रही विजारींबरोबरच दोरीवर लोंबत होतं. अकराच्या सुमाराला तो केळीच्या ओळीआड लघवीला गेला, तेवढ्यात ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, आणि घाईघाईत मोतीलालने चेन वर ओढली. एकटी चेन वर आली नाही.

तो ओरडला नाही. पाच-सहा पोपट उडाले, एवढंच.

श्वास धरून, एकेक दात मोजत त्याने चेन खाली घेतली. नखाएवढी कातडी सोलली होती. दोन थेंब रक्त. मोतीलालने इकडेतिकडे पाहिलं, पानाचा देठ मोडला आणि चीक लावला. रक्त थांबलं. उपचाराला दीड मिनिट लागलं. संध्याकाळपर्यंत तो मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होता.

शुक्रवारी सकाळी न्हाणीघरात उजेडात पाहिलं, तर काळं.

साधं काळं नाही. तव्याच्या बुडासारखं काळं. मोतीलालने पाणी ओतलं, जात नाही. साबण घासला, जात नाही, उलट झोंबलं. बादली पालथी घालून तो तिच्यावर बसला, आणि आपण सडायला लागलो आहोत हे त्याने एकावन्नाव्या वर्षी मान्य केलं.

बाहेर आला तेव्हा दोन पायांत एखादं खोड धरल्यासारखा चालत होता.

"काय झालं?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"पाय मुरगळला."

प्रमिलाबाईंनी त्याची चाल पाहिली. मग म्हणाल्या, "बरं," आणि सुपडू नानांना निरोप धाडला.

नाना आले, ओसरीवर मांडी ठोकून बसले आणि मोतीलालची टाच मांडीवर घेतली.

"कोणता रे मोत्या?"

"उजवा," मोतीलाल म्हणाला. कोणतातरी सांगायलाच हवा होता.

नानांनी उजवा पिळला. काही वाजलं नाही. तेव्हा खात्रीसाठी डावाही पिळला. तो वाजला. आता मोतीलालचा पाय खरोखरच दुखायला लागला. पण माणूस अनुभवी आहे, विचारून घ्यावं, असं त्याला वाटलं.

"नाना, मळ्यातल्या एका घडाचा शेंडा काळा पडलाय."

"काया पडला? कधीपासून?"

"कालपासून."

"वास येते?"

"अजून नाही."

"मंग वाट नको पाहू. कापून टाक."

"कापून?"

"मुळापासून. आन जाळून टाक. नाई त बाजूचं बी जाईन."

मोतीलालने भरलेली बशी खाली ठेवून दिली. नानांनी त्याच्या वाटणीचा चहाही पिऊन टाकला.

ते गेल्यावर मोतीलाल प्रमिलाबाईंना म्हणाला, "जितेंद्रला बोलावून घे. विहिरीवरच्या मोटारीचं स्टार्टर कसं लावायचं ते त्याला दाखवून ठेवतो. पुढचं काही सांगता येत नाही."

प्रमिलाबाईंनी दाराला कडी लावली, चष्मा घातला, मोबाइलची बॅटरी लावली.

"दाखवा."

"काय?"

"अठ्ठावीस वर्षं झाली लग्नाला. नवीन काही दाखवा म्हणत नाही मी."

त्याने दाखवलं, आणि तोंड भिंतीवरच्या खताच्या कॅलेंडरकडे केलं. प्रमिलाबाईंनी लिंबू निवडावं तसं शांतपणे पाहिलं.

"चीक लावला?"

"हं."

"सदऱ्यावर असता तर ओळखला असता तुम्ही. इतकी वर्षं तुमचे चिकाचे काळे डाग घासते मी, रॉकेलनेही जात नाहीत ते."

मोतीलालच्या अंगात जीव आला. "मग आणू रॉकेल?"

"हात तर लावून पाहा," असं म्हणत प्रमिलाबाईंनी त्याच्यासमोरच सरकारी दवाखान्यातल्या मोहिनी सिस्टरना फोन लावला. आवाज अगदी भाजी विचारल्यासारखा. "सिस्टर, माणूस आहे, एकावन्न वर्षांचा. चेनीत कातडी सापडली, नाजूक जागेची. रक्त नाही. सूज नाही. लघवी नीट होते. वर केळीचा चीक लावून बसलाय."

सिस्टर हसल्या नाहीत. या दोन बायकांपुढे मोतीलालला त्या क्षणी देवळात उभं राहिल्यासारखं वाटलं. फोनवरून सूचना आल्या : कोमट पाण्याने नुसतं धुवायचं, घासायचं नाही. मऊ कापडाने टिपून कोरडं करायचं. वर व्हॅसलिनचा पातळ थर. हळद, चुना, चीक, काही नाही. सैल सुती कपडा, भरेपर्यंत नवराबायकोने लांब राहायचं. सूज, पू, ताप किंवा लघवीला अडचण आली तर लगेच यायचं. डाग कातडीबरोबर आपोआप जाईल. आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनला आजच.

"आजच?" मोतीलाल म्हणाला. "लोक विचारतील."

"मी सांगेन."

आणि त्यांनी सांगितलं. दवाखान्याच्या रांगेत, रिक्षात, गल्लीत, सगळीकडे एकच : "घड कापताना विळा लागला मांडीला." इतक्या सहज, की एकानेही दुसरा प्रश्न विचारला नाही. मोतीलाल लुंगी नेसून त्यांच्या मागे चालत होता. या बाईला आपण अठ्ठावीस वर्षं फक्त स्वयंपाकाबद्दल चांगलं म्हटलं, असं त्याच्या मनात आलं, आणि इंजेक्शनपेक्षा ते जास्त टोचलं.

सहाव्या दिवशी जखम भरली. डाग फिकट होत होता. सुपडू नाना चहाला आले.

"काय रे, त्या घडाचं काय केलं? कापला?"

मोतीलालला ठसका लागला.

"वाचला," प्रमिलाबाई आतून म्हणाल्या. "वेळेवर लक्ष दिलं."

"कोणतं औषध मारलं?"

"कोमट पाणी."

नानांनी चहा संपवला. दुसऱ्या दिवशी ते आपल्या मळ्यात कोमट पाण्याचा तांब्या घेऊन जाताना दिसले.

जितेंद्रची ती जीन्स प्रमिलाबाईंनी गुरुवारी संध्याकाळीच धुतली होती, आणि चेनीजवळचा चिकाचा डाग काही निघाला नव्हता.