दुर्गंध चौकशी समितीचं नाक

नाक हा लोकशाहीतला सर्वांत बेशिस्त अवयव आहे. डोळे मिटता येतात, तोंड दाबता येतं. नाक मात्र श्वास चालू आहे तोवर साक्ष देत राहतं. म्हणूनच सावली तालुक्यातल्या एका गावात उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळाच्या मिलचं पाणी नाल्यात कुजू लागलं, तेव्हा दुर्गंध चौकशी समितीने निःपक्षपाती नाकाचा शोध घेतला. ते हरिदासच्या चेहऱ्यावर सापडलं. त्याच नाल्याच्या काठी बसून तो मजेत शिदोरी खात होता.

हरिदास हरखला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्याला खुर्ची दिली होती. पण त्याची बायको ज्योत्स्ना नाकाला पदर लावून म्हणाली, "भात करपला तरी तुमाले समजत नाई, अन् तुमी वासाचे मेंबर? नाल्याचं खरं नाई बोलले, तं मी चालली गोंडपिपरीले, मायच्या घरी."

घाबरून हरिदासने गडचिरोलीचा डॉक्टर गाठला. खुलासा झाला तो असा: बाळ पोटात असताना नाकातले धागे मेंदूकडे वाढतात. 'वाढा' हा निरोप झेलायला पेशीच्या दारावर एक ग्राही बसलेला असतो. हरिदासच्या वेळी हा ग्राही कामावर नव्हता (रजेचा अर्ज आढळला नाही). धागे वाटेतच राहिले, आणि हजारोंत एखाद्याचं होतं तसं हरिदासचं नाक शोभेपुरतं उरलं.

त्याने हे प्रामाणिकपणे समितीला सांगितलं. अध्यक्षांना गहिवरून आलं. "हरिदासभाऊ, असाच माणूस पायजे होता! ज्याले वास येते, तो आधीच एका बाजूचा झाला."

सुनावणीला मिलवाल्याने मंडप टाकला, भजी तळली. वास येतो का? ज्याचा पोरगा मिलमध्ये, तो म्हणाला नाई. ज्याचं धान मिलमध्ये, तोही म्हणाला नाई. सरपंच रुमालातून म्हणाले, नाई. उरला हरिदास. त्याने समोर पाहिलं. ज्योत्स्ना पिशवी भरूनच आली होती.

"मले वास येत नाई," तो म्हणाला. (टाळ्या.) "पण माही बायको खोटं बोलत नाई. नाला सडून राह्यला. लिहा."

सदर सदस्यास नसलेले वास येतात, सबब तो अपात्र, असा ठराव एकमताने झाला. खुर्ची गेली. ज्योत्स्नाने मात्र पिशवी तिथेच त्याच्या हातात दिली आणि त्याला घेऊन घरी गेली.

समितीला आता नवं नाक हवं आहे. पात्रता एकच: घराजवळच्या घाणीवरून रोज जाताना 'सवय झाली' म्हणता आलं पाहिजे. वाचकांनी अर्ज करू नये. आपली निवड झालेली आहे.