ताटीबाहेरचा अनुभव

बेकारीने शहराचे नुकसान होते, हा एक गैरसमज आहे. बेकारी असली की तिचा अभ्यास करावा लागतो, आणि अभ्यास म्हटला की साहेब, हेडक्लार्क, टंकलेखक अशी बरीच माणसे पोटाला लागतात. बहात्तर साली नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका कौलारू बंगल्यात असाच अभ्यास चालू होता.

अभ्यासाला डोके थंड लागते. म्हणून होळी झाली की दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागत आणि त्यांवर पाणी मारायला देवराव येई. देवराव रामटेककडचा, मॅट्रिक झालेला. (ताटीला मॅट्रिकची अट नव्हती, ती त्याने स्वखुशीने पुरवली होती.) डोक्याला दुपट्टा गुंडाळून भर उन्हात तो बंगल्याभोवती बादली घेऊन फिरे. आत सुगंध सुटे, आणि बेकारांविषयीचा कळवळा दाटून येई. पावसाळा लागला की कार्यालय त्याला मोठ्या मनाने मोकळे करी. उरलेले वर्ष तो अभ्यासाचा विषय असे.

असे सात उन्हाळे गेले आणि शिपायाची कायम जागा निघाली. त्याची बायको मनकर्णा हिने तांब्यात निखारे घालून त्याच्या लग्नातल्या सदऱ्याला इस्त्री केली. मुलाखतीला देवराव पहिल्यांदाच ताटीच्या आत आला. आपण इतके गार काही करतो, हे त्याला ठाऊक नव्हते.

साहेबांनी विचारले, "कार्यालयात काम केल्याचा अनुभव?"

"सात वर्सं इथंच पानी मारून राहिलो, साहेब."

"ते बाहेर. कार्यालयात?"

देवराव म्हणाला, "मी आत बसलो असतो, तं तुमचं आत बसनं झालं नसतं, साहेब."

हे उत्तर उद्धटपणात जमा झाले. जागा हेडक्लार्कच्या मेहुण्याला मिळाली. तो बी.ए. होता, आणि बहिणीने नवऱ्यासाठी दिलेला डबा घेऊन रोज आत येत असल्याने त्याचा कार्यालयीन अनुभव दांडगा होता.

 दुसऱ्या दिवशी सकाळी देवराव सवयीने दुपट्टा गुंडाळू लागला, तेव्हा रोजी बुडणार हे माहीत असूनही मनकर्णाने त्याचा हात धरला. "आज नका जाऊ जी. सुकू द्या त्याइले."

दुपारपर्यंत ताट्या खडखडीत झाल्या. नव्या शिपायाला पाणी मारायला सांगितले, तर ते काम बाहेरचे असल्याने आपल्या पदात बसत नाही, असे त्याने नम्रपणे दाखवून दिले. साहेबांनी जीप पाठवली. देवराव जरीपटका वस्तीतल्या एका लाकडाच्या टालावर अर्ध्या मजुरीत लाकडे फोडत होता. चल म्हटल्यावर म्हणाला, अनुभव नाही. आणि पुन्हा कुऱ्हाड उचलली.

आठवड्याभरात बंगल्याला कूलर बसले. अभ्यासही त्याच उन्हाळ्यात पूर्ण झाला. निष्कर्ष एका ओळीचा होता: शहरात काम भरपूर आहे, करायलाच कोणी तयार नाही.

या निष्कर्षाला पुरावा जोडलेला नाही. तशी गरज पडली नाही. वाचकहो, कुठल्या ना कुठल्या दुपारी पंख्याखाली बसून आपण सर्वांनीच तो जसाच्या तसा बोलून दाखवलेला आहे.