राहीच्या नावाचं छप्पर

लहान मुलांना लिहायला शिकवण्यात माझा हात धरेल असं माणूस या तालुक्यात नाही. हे मलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कोणी सांगत नाही! शाळेतून निवृत्त झाले तरी आगरदांड्याच्या आमच्या आळीतली बालगोपाळ मंडळी रोज सकाळी माझ्या अंगणात हजर असतात. आयांना तेवढाच वेळ स्वयंपाकाला मिळतो आणि मला तेवढाच आनंद.

माझी पद्धत साधी आहे. पाच वर्षांच्या पोराच्या हातात एकदम पेन्सिल द्यायची नाही. त्या वयाची बोटं म्हणजे वालाच्या उकडलेल्या शेंगा. त्यांच्यात जोर कुठून येणार? आधी खांद्यापासून अख्खा हात फिरवायचा, हवेत, दाराएवढं मोठं अक्षर काढायचं. हाताला वळण कळलं की बोटांना आपोआप कळतं. हवेतलं अक्षर नीट दिसावं म्हणून मी प्रत्येकाच्या हातात एकेक फडकं दिलं होतं. देवळाच्या उत्सवातून उरलेलं पताकांचं कापड होतं, चांगलं लालभडक.

आणि अक्षराबरोबर तोंडानं बोलायचं. राही नावाची माझी एक विद्यार्थिनी. तिचं नाव असं: अर्धा गोळा, तिरका पाय, शेजारी काठी. मग ह, म्हणजे कमरेत लचक भरलेली म्हातारी. तिच्या शेजारी काठी, काठीवर छत्री. शेवटी सगळ्यांच्या डोक्यावर छप्पर. छप्पर म्हणजे शिरोरेषा. ती ओढताना सगळी पोरं अशा आवेशानं हात फिरवायची की माझ्या तुळशीला वारा लागायचा.

हवेत राही झकास लिहायची. घोडं अडायचं कागदावर. पेन्सिल हातात आली की ती खिळा ठोकल्यासारखी दाबायची. टोक मोडायचं, कागद फाटायचा आणि बाईसाहेब तोंड फिरवून बसायच्या. तिचा बाप गणराज मालवाहू बोटीवर कामाला. बोट खाडीपलीकडे दिघीच्या बंदरात लागली होती आणि तो आता पुढच्या पावसाळ्यापर्यंत दिसणार नव्हता. त्यानं लेकीला सांगितलं होतं, मी निघायच्या दिवशी तुझं नाव तुझ्या हातानं लिहून दे, मी खिशात ठेवीन. राहीनं ते फारच मनावर घेतलं होतं. झोपेतसुद्धा हात फिरवते, असं तिची आई सांगत होती.

मी गणराजला शब्द दिला. म्हटलं, "तू फक्त खिसा शिवून ठेव."

निघायचा दिवस उजाडला. अख्खा वर्ग त्याला पोचवायला धक्क्यावर आला, आपापली फडकी घेऊन. फेरीबोट लागलेली, गाड्या चढत होत्या. त्यांत प्रणय नावाच्या एका नवरदेवाची पांढरी गाडीही होती, वऱ्हाडासकट. पुढून झेंडूच्या माळा आणि मागून आमच्या रस्त्याची लाल धूळ. बोर्लीला त्याचं गोरज मुहूर्तावर लग्न होतं.

मी राहीला कागद दिला. टोक मोडलं. दुसरी पेन्सिल दिली. कागद फाटला. बोटीचा भोंगा झाला. गणराजनं तो फाटका कागद तसाच घडी करून खिशात घातला, राहीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मागं न बघता बोटीवर चढला.

राही रडली नाही. ती खाली बसली आणि मोडलेल्या पेन्सिलीकडे बघत राहिली. त्यापेक्षा रडलेली परवडली असती.

मग मला ती कल्पना सुचली. आयुष्यात मला सुचलेल्या कल्पनांपैकी ही पहिल्या क्रमांकाची, किंवा शेवटच्या, तुम्हीच ठरवा. मी म्हटलं, "पेन्सिल टाक. हवेत लिही. बाबाला बोटीवरून दिसेल."

राही उठली. सगळी पोरं तिच्या शेजारी रांगेत उभी राहिली. लाल फडकी वर गेली. अर्धा गोळा! तिरका पाय! खाडीवर असा गजर घुमला की बगळे उडाले. एकदा लिहून झालं, पुन्हा लिहिलं, पुन्हा लिहिलं. छप्पर तर अशी ओढत होती की एकेक पोर खाडीत जाईल की काय, असं मला वाटलं.

आणि खाडीच्या मध्यावर पोचलेली बोट थांबली. मग हळूहळू वळायला लागली.

आता इथं एक सांगायला हवं. मी माहेरची पालीची. इतकी वर्षं खाडीच्या काठावर राहिले तरी खाडीची एक जुनी रीत मला ठाऊक नव्हती. फोन नव्हते त्या काळात धक्क्यावरून कोणी लाल फडकं फिरवलं, तर त्याचा अर्थ एकच: घात झालाय, होडी परत फिरवा. बोट चालवणारे तांडेल बुधाजी त्या काळातले. त्यांनी एक फडकं पाहिलं असतं तरी बोट वळवली असती. त्यांना तर डझनभर दिसली!

बोट वळताना बघून धक्क्यावरच्या माणसांनीही उरलेलं स्वतःच ठरवलं. मासळीवाल्या बायका टोपल्या टाकून धावत आल्या. कोणी टायरची ट्यूब आणली, कोणी दोरखंड. एका म्हाताऱ्या बाईनं तर गळा काढला. कोणासाठी, हे तिलाही माहीत नव्हतं. ती मधेच थांबून शेजारणीला विचारून घेत होती.

बोट लागली. बुधाजी उतरले, सरळ माझ्याकडे आले.

"कोन बुडलं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "राही लिहितेय."

"काय लिवतंय?"

"नाव."

बुधाजींनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. एवढा वेळ धक्क्यावर इतकी शांतता की टोपलीतले खेकडे ऐकू येत होते. मला वाटलं, आता हे मला उचलून खाडीत टाकणार आणि मग एकदाचं कोणीतरी खरंच बुडेल.

"मंग लिवलं का?" त्यांनी विचारलं.

"कागदावर नाही जमलं."

"अख्खी बोट फिरवलीय, बाई. आता लिवल्याबिगर मी न्हाय सोडत."

गणराज त्यांच्या मागं येऊन उभा होता. कागद माझ्याकडे उरला नव्हता. राहीनं इकडेतिकडे पाहिलं आणि ती चालत गेली थेट नवरदेवाच्या गाडीकडे. गाडी बोटीच्या तोंडाशीच होती. मागच्या काचेवर धुळीचा असा गुळगुळीत थर, की माझेही हात शिवशिवले. तिनं एक बोट टेकवलं, आणि खांद्यापासून हात फिरवला.

मोडायला टोक नव्हतं. फाटायला कागद नव्हता. अर्धा गोळा, तिरका पाय, म्हातारी, छत्री. छप्पर ओढताना हात थांबेचना. काच संपली तरी रेघ पुढे पत्र्यावर गेली. 'राही'. काचभर!

गणराजनं फोनवर फोटो काढला आणि तो बराच वेळ फोनमध्येच बघत राहिला, मान वर करायला नको म्हणून. प्रणय भला माणूस. कोणीतरी फडक्यानं काच पुसायला निघालं तर म्हणाला, राहू द्या, लेकराचं पहिलं नाव आहे, शुभ असतं.

मी विजयी मुद्रेनं घरी आले. भात वाढून घेतला, पहिला घास उचलला आणि फोन वाजला. प्रणय होता. माझा नंबर त्यानं आमच्या आळीतून मिळवला होता आणि बोलत होता दबक्या आवाजात.

झालं होतं असं. गाडी मांडवापुढे लागली. नवरीकडची माणसं ओवाळायला आली, कौतुकानं गाडीभोवती फिरली आणि मागं जाऊन थबकली. नवरीचं नाव अमिषा. काचेवर नाव राही. नवरीची आत्या कृष्णाबाई हिनं ओवाळणीचं ताट खाली ठेवलं आणि राही कोण, एवढंच विचारलं. प्रणयनं खरं ते सांगितलं. पाच वर्षांच्या पोरीसाठी भरली बोट अर्ध्या खाडीतून परत फिरली, हे कोणाला पटणार? वऱ्हाडानं तेच सांगितलं, तर म्हणे सगळे एका सुरात बोलतायत म्हणजे ठरवून आलेत. गणराजचा फोन लागेना. वऱ्हाडातल्या कोणी काढलेला फोटो दाखवला, तर त्यात राही पाठमोरी.

"बाई, त्या म्हणतात एवढं मोठं नाव माणूस मनापासूनच लिहितो," प्रणय म्हणाला. "तुम्ही राहीला घेऊन या. नाहीतर मी असाच परत येतो."

माझी पद्धत जरा जास्तच यशस्वी झाली होती.

भात तसाच ठेवून मी राहीला घेतलं आणि धक्का गाठला. बुधाजींनी आमच्याकडे पाहिलं, आधी माझ्या हातांकडे, मग माझ्या पिशवीकडे. फडकं घरी ठेवलंय, असं मी न विचारताच सांगितलं.

बोर्लीच्या मांडवात अख्खं गाव गोल करून बसलं होतं. नवरी आतल्या खोलीत दार लावून बसली होती. मधोमध कृष्णाबाई, पदर खोचून.

"ही व्हय राही?" तिनं राहीला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बघायला फारसं काही नव्हतं. "एवढुशी पोर एवढं लिवते? लिवून दाखव."

आता आली पंचाईत. धूळ कुठली आणणार? मांडवात सडा घातलेला. शेवटी कृष्णाबाईनंच अक्षतांची परात पुढं सरकवली आणि मला बजावलं, "बाई, तुमी हात मागं बांधायचे."

मी हात मागं बांधले. राहीनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या सगळ्या चेहऱ्यांकडे. हात उचलेना. मला ती धक्क्यावरची मोडकी पेन्सिल आठवली. माझी बोटं पाठीमागं आपोआप अर्धा गोळा काढत होती, पण ती तिला दिसत नव्हती.

मग राहीनं डोळे मिटले आणि पुटपुटायला लागली. अर्धा गोळा, तिरका पाय. पिवळ्या तांदळांत बोट फिरलं. काठी. म्हातारी. छत्री. राहिलं छप्पर. 'छप्पर' म्हणत तिनं खांद्यापासून हात ओढला, परातीची कड आली, हात थांबला नाही, आणि मूठभर अक्षता उडून थेट कृष्णाबाईच्या डोक्यावर पडल्या!

लग्न लागण्याआधीच कृष्णाबाईला आशीर्वाद मिळाले.

तिनं केसांतले तांदूळ झटकले नाहीत. उठली, बाहेर जाऊन गाडीची काच पाहिली, काचेबाहेर पत्र्यावर गेलेली रेघ पाहिली, परत येऊन परात पाहिली.

"दोनी ठिकानी छप्पर घराबाहेर," ती म्हणाली. "हीच ती. नवरीला बाहेर आना."

लग्न वेळेवर लागलं. राहीला नवरीच्या मांडीवर बसायला मिळालं आणि मला दुपारचा राहिलेला भात, जिलेबीसकट. शेवटच्या फेरीनं परतलो. रात्री गणराजचा फोन आला. बोटीवरच्या सगळ्यांना फोटो दाखवून झाला होता. एवढंच म्हणाला, "बाई, नाव खिशात मावत नाय." राही आता कागदावरही लिहिते. टोक मोडत नाही. छप्पर मात्र अजून कागद ओलांडून पाटावर जातं.

वर्ग सुरूच आहे, पण पोरांना आता अंगण नको, धक्काच हवा. बुधाजींना त्रास नको म्हणून मी लाल फडकी गोळा केली आणि सगळ्यांना नवीकोरी हिरवी दिली.

पहिल्याच सकाळी, निम्मी माणसं धक्क्यावर उभी असताना, बुधाजींनी बोट सोडून दिली.

सध्या आम्ही रिकाम्या हातानं लिहितो.