उण्या चिन्हाचा स्नेहकरार

विज्ञानाला सीमा नसते. म्हणूनच ती ओलांडायला एक कार्यालय लागतं.

सैद्धांतिक भौतिकी विभागात असं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन टेबलं, बारा झेंडे आणि कॉफीचं यंत्र (बंद). वर्षभरात तिथे सत्तावीस सामंजस्य करार झाले, एकोणीस सामूहिक फोटो निघाले आणि एक गणित सुटलं. ते गणित मात्र कनिष्ठ संशोधिकेनं एकटीनं, तीन वर्षं मान मोडून सोडवलं होतं. तिची नोकरी अजून कायम व्हायची होती. समिती सोमवारी बसणार होती.

तिचं गणित आता परदेशी पाहुण्यांबरोबरच्या संयुक्त लेखात, बेचाळीस नावांनिशी छापायचं होतं. अडचण किरकोळ होती. यजमान काळाला अधिक चिन्ह देत आणि अंतराला उणे; पाहुणे नेमकं उलट. दोन्ही पद्धती बरोबरच, फक्त एका गणितात दोन्ही घेऊ नयेत, एवढं पहिल्या वर्षाच्या पोरांनाही कळतं. (ती पोरं करारांवर सह्या करत नाहीत.) पण माघार कोण घेणार? शेवटी विभागप्रमुखांनी तोडगा काढला: पान एक ते नऊ आपली चिन्हं, दहा ते अठरा त्यांची. पाहुण्यांचे प्रमुख तर गहिवरलेच.

दहाव्या पानावर कणाच्या वस्तुमानाचा वर्ग उणे निघाला. संशोधिकेला चिन्हांची गल्लत तिथेच दिसली. उरलेल्या एकेचाळीस लेखकांनी तो नव्या कणाचा शोध मानला आणि त्याचं बारसं करायला उपसमिती नेमली.

तिनं घरी वडिलांना सगळं सांगितलं. वडिलांचा जन्म शिवणकामात गेलेला. ते चष्मा पुसत म्हणाले, अर्धं माप इंचात आणि अर्धं सेंटिमीटरमध्ये घेतलं तर तो सदरा कुणाच्या अंगाला बसेल, बाळा?

दुसऱ्या दिवशी ती विभागप्रमुखांकडे गेली. "सर, कण-बिण काही नाही. चूक आहे."

"ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," सर मायेनं म्हणाले. "पण ती सगळ्यांनी मिळून केलेली आहे. एकट्याचं बरोबर आपल्याला नाही परवडत."

तरी तिनं एकेचाळीस जणांना पत्र धाडलं. चौतीस गप्प बसले. सात जणांनी अभिनंदन करून दुरुस्तीच्या लेखातही आपलं नाव घालायला सांगितलं. तो लेखही अर्धा-अर्धा लिहावा, असं सुचवलं.

सोमवारी अध्यक्षांनी विचारलं, "कण खरा आहे ना?"

तीन वर्षं तिच्या डोळ्यांपुढून गेली. वडिलांचं औषधपाणीही गेलं. "खरा आहे," ती म्हणाली. नोकरी कायम झाली. घरी तिला वडिलांकडे वर बघवेना. लाजेनं जीव अर्धा झाला होता.

आता तुम्हांला तिचा राग आला असेल. येऊ द्या. पण वस्तुमानाचा वर्ग उणे म्हणजे नेमकं काय, हे न कळता तुम्हीही मघाशी मान डोलावून पुढे वाचत गेलात. अशीच माणसं आमच्या कार्यालयाला हवी असतात. तेव्हा लेखात त्रेचाळिसावं नाव तुमचं घातलं आहे. हरकत असेल तर गणित करून कळवा.